भरतीच्या पुढे

माघातली दुपार. वाघोटणच्या खाडीवर ऊन पसरलेलं, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने त्या उन्हाला बारीक बारीक चुण्या पाडलेल्या. दोन्ही तीरांवर मोहोराच्या भाराने वाकलेल्या आमराया. त्यांच्या वर, निष्पर्ण पांगाऱ्यांच्या काटेरी फांद्यांवर, रक्तवर्ण फुलांच्या मशाली. त्यांच्या खाली, चिखलात मुळं रोवून उभी असलेली कांदळवनं. आणि या सगळ्यांच्या मधून वाहणारं ते रुपेरी, मंदगती, आत्ममग्न पाणी.

त्या पाण्यावर एक होडी. नव्या तेलाचा वास अजून न गेलेली, नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकावर, हळदकुंकवाची ओली बोटं मिरवणारी, एकाच शुभ्र शिडाची होडी.

आणि त्या होडीत, एवढ्या सगळ्या शोभेकडे पाठ करून, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसलेली हेमांगी.

"बघ, बघ! खंड्या!" सुकाणूवरून दत्तप्रसाद ओरडला. "काय रंग आहे बघ!"

हेमांगीने बघितलं नाही. "किती वाजता पोचू?"

"पोचू गं."

"पोचू ही वेळ नाही, प्रसाद."

नीलकांती खंड्या पाण्यावर एक झगझगीत रेघ ओढून कांदळवनात नाहीसा झाला. त्याच्याही घरी पिल्लं असतील, हेमांगीच्या मनात आलं. पण तो निदान वेळेवर तरी परततो.

होडी दत्तप्रसादच्या आजोबांची. सोळा वर्षं ती घरामागच्या मांगरात उपडी पडून होती. हायस्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या नातवाला यंदा तिची दया आली. खाडीच्या मुखाशी, जानू मेस्ताच्या हाताखाली, चार महिने तिच्या फळ्या बदलल्या गेल्या, सांधे भरले गेले, आणि आज ती पाण्यात उतरली. घरची रीत अशी, की दुरुस्त झालेली होडी पहिल्यांदा घरी आणायची ती नवरा-बायकोने मिळून. आणि घरची दुसरी रीत अशी, की तान्ह्या जिवाला त्या पहिल्या फेरीला पाण्यावर न्यायचं नाही.

दोन रिती. दोन्ही सुंदर, दोन्ही पिढीजात. आणि त्या दोन रितींच्या मधल्या फटीत पाच महिन्यांची रिजू घरी राहिली.

जन्मल्यापासून रिजू आणि हेमांगी यांच्यात कधी एका खोलीहून जास्त अंतर पडलं नव्हतं. आज सकाळी सातच्या एसटीने ती निघाली तेव्हा फ्रिजमध्ये दोन वाट्या होत्या. स्वतःला पिळून काढलेल्या, झाकलेल्या, वेळ लिहिलेल्या दोन वाट्या दूध. फ्रिजच्या दारावर सूचनांचा कागद. चार लेकरं वाढवलेल्या सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच म्हटलं, "बरां."

दोन वाट्या म्हणजे दुपारी दोनपर्यंतची सोय. फार तर दोन. त्यातही रिजू बोंडल्याने पिते कुठे? आठवडाभर सवय लावून पाहिली. चांदीच्या त्या चिमुकल्या चोचीतून दूध तोंडात गेलं, की ती ते गालावरून तितक्याच शांतपणे बाहेर सोडून देते.

म्हणून तर मेस्ताच्या अंगणात नारळ फुटला, तशी हेमांगी उठून उभीच राहिली होती. अकरा वाजले होते. वारा भरभरून वाहत होता. निघूया.

"वहिनी, वारो आसा, पण पाणी खंय आसा?" जानू मेस्त विडी विझवत म्हणाला होता. "अजून ओहोटी आसा. आधी भरती वर जांवदे, मागसून तुमी जावा. दीड तास बसा, च्या घेवा."

"मेस्त बरोबर सांगतायत," दत्तप्रसाद म्हणाला होता. पुन्हा एकदा, जरा हळू, "थांबूया का?"

दीड तास! चहासाठी! तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोन वाट्या होत्या, बोंडलं होतं, पाच महिन्यांच्या सगळ्या जागरणांचा लाल रंग होता. त्याने निमूट दोर सोडला.

आणि होडी धावली होती! शिडाच्या पोटात वारा मावेना. माड मागे पडले, मच्छीमारांच्या वाड्या मागे पडल्या, एका सड्याची, खडकाळ पठाराची, काळीभोर कड आली आणि गेली. वाहत्या ओहोटीला छातीने रेटत ती श्वेतपक्षा, नवयौवना होडी धावत राहिली. हेमांगीच्या खांद्यांवरचं ओझं, तासाभरापुरतं का होईना, उतरलं होतं.

साडेबाराला ती थांबली.

आदळली नाही, करकरली नाही. इतक्या सभ्यपणे थांबली, की आधी कळलंच नाही. शीड भरलेलं, वारा वाहता, आणि तीरावरचा एक पांगारा मात्र जिथल्या तिथे.

दत्तप्रसाद खाली उतरला. पाणी त्याच्या पोटरीलाही पुरेना. त्याने खांदा लावला, ढकललं. होडी नाही, तोच वाळूत शिरला. मग कमरेवर हात ठेवून त्याने मागे, समुद्राच्या दिशेने पाहिलं. वर्गात फळ्यावरचं उत्तर चुकलेलं दिसावं, तसं.

"काय झालं?"

"आपण भरतीच्या पुढे आलो. ती मागून येतेय. इथं पाणी अजून उतरतंच आहे."

"किती मागून?"

"दोन तास. तीन. नवमी आहे ना, भांगाचं पाणी, कमी जोराचं. भांगाची भरती जरा आळशी असते."

आळशी असते! हेमांगीने ओठ आवळले. आळशी भरती, रसिक नवरा, आज्ञाधारक वारा, आणि मधोमध रुतलेली ती. डावीकडे चिखल, उजवीकडे चिखल. माणूस कमरेपर्यंत आत जाईल आणि होडीसारखाच सभ्यपणे तिथे थांबेल, असा काळा, मऊ, निवांत चिखल. मोबाइल काढून तिने तो आरतीच्या ताटासारखा चारी दिशांना ओवाळला. एकाही डोंगराने प्रसाद दिला नाही.

आणि भोवती सौंदर्य होतंच. तेच तर असह्य होतं. मोहोराचा मादक, मधुर, मंद सुगंध. पाण्यावर डोलणारी आमरायांची प्रतिबिंबं. एका पायावर उभा राहून ध्यान करणारा बगळा. तिला त्या बगळ्याला दगड मारावासा वाटला.

पलीकडच्या काठाला, उघड्या पडलेल्या खडकांवर, तीन बायका कोयत्यांनी कालवं काढत होत्या. त्यांनी माना वर केल्या.

"काय ओ मास्तरांनू! पाण्याच्या आधी इलात?"

"होय गे! वाऱ्यान आणल्यान!" दत्तप्रसादने हात उंचावून सांगितलं.

"वाऱ्यान आणल्यान, काय बायलेन?"

तिघींचं हसू पाण्यावरून उड्या मारत आलं आणि नेमकं हेमांगीच्या पायाशी येऊन पडलं. दत्तप्रसादही हसला. मोकळा, निर्मळ, निर्वैर हसला. त्या हसण्यात एक कणभर जरी टोमणा असता, तरी तिला तो झेलून परत फेकता आला असता.

एक वाजला. दीड वाजला. पाणी आणखी उतरलं आणि होडी एका कुशीवर कलली. दोन वाजले.

दोन. तिकडे दुसरी वाटी संपली. की सांडली? की भरलेलीच आहे, आणि पोर रडून रडून निळी पडली आहे? आणि जे तिथे हवं होतं, ते इथे होतं, भलत्याच जागी, मापाहून जास्त. सकाळपासून तुंबलेलं. दगडासारखी जड, ठणकणारी छाती. काठपदराच्या साडीआड पसरत गेलेली दोन ओली वर्तुळं.

"प्रसाद," ती दातांवर दात दाबून म्हणाली, "मला पिळून काढायला हवं. आत्ता."

त्याने खडकांवरच्या बायकांकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. त्याने शिडाचा दोर सैल केला, आडवी काठी खेचून खाली घेतली आणि ते सबंध शुभ्र कापड तिच्या आणि काठाच्या मध्ये पडद्यासारखं ताणून, दोन्ही हातांनी धरून, डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

हेमांगी होडीच्या काठावर वाकली. खाली वीतभर पाणी उरलं होतं, स्वच्छ, निवळशंख, तळाची वाळू दाखवणारं. त्या पाण्यात दुधाची पहिली धार पडली. शुभ्र धूर, शुभ्र ढग, शुभ्र लता. ती लता पाण्यात फुटली, पसरली, पारदर्शक झाली. कुठूनसे करंगळीएवढे मासे आले आणि त्या ढगात तोंडं उघडीत, मिटीत फिरू लागले.

तिची पोर उपाशी होती, आणि खाडीतले मासे पोटभर जेवत होते.

तेव्हा ती रडली. आवाज न करता, हात न थांबवता, रागाने रडली.

"झालं?" डोंगराकडे तोंड करूनच त्याने विचारलं.

"म्हण ना."

"काय म्हणू?"

"माझ्यामुळे रुतलो, असं म्हण. मेस्त सांगत होता. तू दोनदा म्हणालास, थांबूया. मीच ऐकलं नाही. दीड तास वाचवायला गेले आणि तीन घालवले. म्हण एकदा आणि मोकळा हो!"

"म्हटलं तर पाणी लवकर येईल?"

"नाही."

"मग?"

"अरे, मग निदान भांड तरी!"

त्याने शिडावरची पकड बदलली. त्याचे हात भरून आले होते.

"कसा भांडू?" तो म्हणाला. "मी निघाल्यापासून त्या दुसऱ्या वाटीचाच विचार करतोय. आईचा हात कापतो हल्ली. ओतताना सांडली असेल तर?"

हेमांगी पदर सावरता सावरता थांबली. "आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर तू पोहत निघाली असतीस."

"खंड्या दाखवत होतास मला!"

"तू घड्याळ बघायची थांबशील म्हणून."

तिने नाक पुसलं. "सोड ते शीड आता. हात तुटतील." तो बसला. ती त्याच्याकडे पाठ करून बसली. पण अशी, की तिची पाठ त्याच्या पाठीला टेकेल.

तीनच्या सुमारास, पाण्यावरून समुद्राकडे निघालेला मोहोराचा एक गळलेला तुरा थबकला. स्वतःभोवती एकदा फिरला. जणू काही विसरला होता आणि ते आता आठवलं. मग, अगदी हळूच, तो उलटा, वरच्या अंगाला, घराच्या दिशेने वाहू लागला.

"आली," दत्तप्रसाद म्हणाला.

ती आली. गाजावाजा न करता, वाळूच्या रेषा एकेक पुसत, चिखलातली खेकड्यांची बिळं एकेक भरत, कांदळांच्या मुळांवर बोटबोट चढत, ती नीरव, निश्चल भासणारी, निर्विकार भरती आली. होडी सरळ झाली. एक हलका झोका, आणि तळ सुटला. मागून वारा, खालून पाणी. आता दोघं एका दिशेचे झाले आणि होडी निघाली. हेमांगी नाळेवर जाऊन बसली, जणू तेवढ्या हातभर पुढे बसल्याने ती हातभर आधी पोचणार होती.

ऊन कलतं झालं. आमरायांच्या सावल्या लांबून एका तीरावरून दुसऱ्या तीराला टेकू लागल्या. पाणी तांबूस, मग केशरी. दत्तप्रसादने काहीही दाखवलं नाही. तिने मात्र एकदाच, न राहवून, पाहिलं.

शेवटच्या वळणाआधी आवाज आला.

घर दिसायच्या आधी, घरचे माड दिसायच्या आधी, मधला डोंगर ओलांडून पाण्यावरून तो आला: घोगरा, थकलेला, मध्येच तुटून पुन्हा जोडला जाणारा. आणि मासोळ्यांना वाटून रिकामी झालेली ती छाती, कुणाला न विचारता, एका क्षणात भरून आली.

वळण सरलं. घराच्या पायऱ्यांशी, गुडघाभर पाण्यात, खांद्यावर रिजूला घेऊन सासूबाई उभ्या होत्या. त्यांचं लुगडं भिजलं होतं, अंबाडा सुटला होता.

"अगो, धाव! एक वाटी कशीबशी गेली. दुसरी तशीच आसा. बोंडला थुकता नि माझ्याच तोंडाकडे बघता, जसा काय मीच तुका लपवलंय!"

"थांब, होडी लागू दे—" दत्तप्रसाद म्हणाला.

हेमांगीने उडी टाकली. पाणी कमरेपर्यंत आलं, काठपदर फुगून भोवती तरंगला. हातांनी पाणी बाजूला सारत ती गेली, सासूबाईंच्या खांद्यावरून तो तापलेला, घामेजलेला, हुंदक्यांनी हादरणारा जीव तिने घेतला.

आणि रिजूने तोंड फिरवलं.

चिमुकली मूठ उगारून तिने आईच्या छातीवर मारली. एकदा. पुन्हा. ओठ बाहेर काढून, भुवया आखडून, पाच महिन्यांच्या त्या मानिनीने दुसरीकडे, माडांकडे पाहिलं. एवढा वेळ? कुठे होतीस एवढा वेळ?

"भांडते बघ," मागून, दोर ओढता ओढता, दत्तप्रसाद म्हणाला.

"भांडू दे," हेमांगी म्हणाली. "तिला येतं तरी."

मग एक लांब हुंदका. त्या हुंदक्याच्या पाठोपाठ पहिला घोट. डोळे उघडेच, आईवर रोखलेले, अजून माफ न करणारे, पण घोट. मग दुसरा. केशरी पाणी हेमांगीच्या गुडघ्यांवरून बोटभर वर आलं. मूठ हळूहळू उलगडली आणि पाच बोटं तिच्या ओल्या त्वचेवर पसरली. घोट, श्वास. घोट, श्वास.