डाव्या हाताची खुर्ची

दाताच्या डॉक्टरांचा उजवा अंगठा थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी ते घरात कुणाला सांगितलं नाही. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले. बायकोने विचारलं, थंडी वाजतेय का, तर हो म्हणाले. दिवस उन्हाळ्याचे होते. दुसऱ्या दिवसापासून ती कप अर्धाच भरून द्यायला लागली.

दात काढणं त्यांनी बंद केलं. दाढ धरून आलेल्या माणसाला गोळ्या लिहून द्यायचे आणि पुढच्या चौकातल्या तरुण डॉक्टरचा पत्ता सांगायचे. चालतं ड्रिल तोंडात असताना हात हलला तर काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा एका बाईंची जीभ अगदी केसभराने वाचली. त्या बाईंना कळलंही नाही. डॉक्टर मात्र त्यानंतर बराच वेळ आतल्या खोलीत नळ सोडून नुसते उभे होते. आता दवाखाना एक तर बंद करायचा, नाही तर मुलीच्या हाती द्यायचा, तिसरी वाट नव्हती.

मुलगीही दाताचीच डॉक्टर. दूरच्या एका शहरात, एका ओळीत खुर्च्या मांडलेल्या मोठ्या दवाखान्यात ती नोकरी करायची. त्यांनी फोनवर भीतभीतच विषय काढला. ती म्हणाली, "बघू, बाबा. पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येते. आठवडाभर तुमच्या दवाखान्यात बसून बघते. मग ठरवू."

एवढ्या बोलण्यातलं डॉक्टरांनी 'येते' आणि 'बसून' एवढंच ऐकलं. 'बघू' आणि 'ठरवू' त्यांच्या कानाबाहेरूनच गेलं. त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

जुनी खुर्ची मुलीच्या वयाची होती. वर घ्यायची म्हटली की ती कण्हायची, आणि रोगी त्याआधीच कण्हायला सुरुवात करायचा. दिवा मान टाकून बसलेला. ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सुरू झाला की वरच्या मजल्यावरचे लोक पाय आपटायचे. अशा जागेत मुलीला बसवायचं म्हणजे पाहुण्याला फाटक्या सतरंजीवर बसवण्यासारखंच. डॉक्टरांनी ठरवलं, सगळं नवं घ्यायचं, आणि निवडायचं ते आपण स्वतः.

मग त्यांचे दिवस दुकानांत जाऊ लागले. प्रत्येक खुर्चीत ते आडवे व्हायचे, तोंड उघडायचे, डोळे मिटायचे. दिवा डोळ्यांवर येतो का, मान कुठे अवघडते का, हे रोगी होऊनच कळतं असं त्यांचं म्हणणं. बायको सोबत असायची. एकदा ते बराच वेळ उठले नाहीत तेव्हा ती म्हणाली, "अहो, दुकान आहे हे. झोप आली असेल तर घरी जाऊ."

चिमटे त्यांनी एकेक हातात घेऊन तोलले. आपल्या मुठीने नव्हे, मुलीच्या मुठीच्या अंदाजाने. कॉम्प्रेसर बिनआवाजाचा घेतला. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र जुनं होतं त्यापेक्षा मोठं घेतलं, म्हणजे तिला दोन रोग्यांमध्ये वाट बघत बसावं लागणार नाही. या सगळ्यात कंपनीचा माणूस त्यांच्याबरोबर होता. काहीही विचारलं की "होऊन जाईल, सर" म्हणायचा, म्हणून नवरा-बायको आपसात त्याला होऊनजाईलच म्हणत.

फक्त खुर्चीपाशी तो अडला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन, बायको फोनवर मुलीला सांगून बसेल म्हणून तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं की खुर्ची डावखुऱ्या डॉक्टरची हवी. म्हणजे ड्रिलच्या नळ्या, ट्रे, दिव्याचा हात सगळं रोग्याच्या डाव्या अंगाला, आणि चूळ भरायचं भांडं उजवीकडे. तो डोकं खाजवत म्हणाला की अशी कुणी मागत नाही, मुद्दाम बनवून घ्यावी लागेल आणि एकदा बनली की परत घेता येणार नाही. त्यापेक्षा दोन्हीकडे फिरणारी घ्या. डॉक्टरांनी मान हलवली. फिरणाऱ्या खुर्चीचा सांधा वर्षा-दोन वर्षांत सैल होतो, मग ट्रे डुलायला लागतो. मुलीचं सगळं आयुष्य त्या ट्रेपुढे जायचं होतं.

या हट्टामागे एक जुनी गोष्ट होती. मुलगी लहान असताना पाटीवर डाव्या हाताने रेघोट्या मारायची. डॉक्टरांच्या आईने तो हात फडक्याने पाठीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. डॉक्टर जन्मभर आईपुढे वर मान करून बोलले नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने फडकं सोडलं आणि सांगितलं की हिच्या हाताला यापुढे कुणी हात लावायचा नाही. घरात आठवडाभर अबोला होता. बाप म्हणून आपण केलेलं एवढं एकच काम पुरतं झालं, असं त्यांना वाटायचं. घरी कुणी पाहुणा आला की पाणी पिऊन होईपर्यंत ही गोष्ट त्याच्या कानावर गेलेली असायची.

खुर्ची आली. तिच्यासाठी दवाखान्याची फरशी फोडावी लागली, पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ एका अंगाचा दुसऱ्या अंगाला न्यावा लागला. डावी बाजू मोकळी मिळावी म्हणून खुर्ची उजवीकडे अगदी भिंतीला खेटून बसवली. बायकोने पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, छान आहे, रंग जरा फिका घ्यायचा होता.

मुलगी आली त्या दिवशी घरात सणाचं वातावरण होतं. जेवताना ती डाव्या हातानेच जेवत होती. ते पाहून डॉक्टर गालातल्या गालात हसले. तिने खुर्ची आधी पाहू नये म्हणून सकाळी तिला परस्पर रोग्यासमोरच न्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

पहिले रोगी शेजारचे निवृत्त मास्तर. डॉक्टरांचे जुने गिऱ्हाईक. मुलगी आत आली, मास्तरांना नमस्कार केला, हातमोजे चढवले आणि सवयीने त्यांच्या उजव्या अंगाला वळली. तिथे भांडं होतं आणि त्यामागे भिंत. ती थबकली. खुर्चीला एक वळसा घालून आली. ट्रेकडे पाहिलं, लोंबणाऱ्या नळ्यांकडे पाहिलं, मग वडिलांकडे. डॉक्टरांचा चेहरा दिव्यासारखा उजळलेला होता.

"डावी आहे," ती म्हणाली.

"मुद्दाम. तुझ्यासाठी बनवून घेतली."

स्टूल ओढून ती मास्तरांच्या डाव्या अंगाला बसली, डाव्या हातात आरसा घेतला आणि उजव्या हातात ड्रिल. नळी डावीकडची, हात उजवा. नळी तिच्या छातीवरून आडवी आली. मास्तरांच्या दाढेपर्यंत पोचायला तिला कमरेतून पीळ घालून हात त्यांच्या कपाळावरून फिरवावा लागला. डॉक्टर पुढे झाले आणि हळूच म्हणाले, अगं, हात बदल. ती तशीच वाकून म्हणाली, "थांबा, बाबा. आधी हे होऊ दे."

मध्येच चूळ भरायची वेळ आली. मास्तर इतक्या वर्षांच्या सवयीने डावीकडे वळले. तिकडे भांडं नव्हतं, मुलगी होती. गाल फुगवलेले मास्तर डोळे मोठे करून एकदा तिच्याकडे, एकदा डॉक्टरांकडे बघत राहिले, आणि डॉक्टरांनी धावत जाऊन पेला त्यांच्या तोंडापुढे धरला. जाताना मास्तर म्हणाले, काम एक नंबर, पण थुंकायचं कुठे याचा बोर्ड लावा.

ते गेल्यावर मुलीने हातमोजे काढले.

"माझा डावा हात आता नुसता आरसा धरतो, बाबा. कॉलेजात सगळ्या खुर्च्या उजव्या होत्या. पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं, हात बदल, नाही तर कोर्स बदल. मी हात बदलला."

"पण काल तू जेवताना..."

"जेवते डाव्यानेच. लिहितेही डाव्याने. दातांचं काम तेवढं उजव्याने. डाव्या हाताने मला आता दात घासतानासुद्धा भरवसा वाटत नाही."

डॉक्टर भिंतीला टेकले. मला सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, कसं सांगणार होते? तुम्ही येईल त्याला सांगत होतात, माझ्या मुलीच्या हाताला मी कुणाला हात लावू दिला नाही. दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तुम्ही आधीच कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होतात. मग आईला सांगितलं.

आईला. संध्याकाळी डॉक्टरांनी बायकोला विचारलं तेव्हा ती भांडी पुसायची थांबली.

"हात बदलल्याचं मला माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले. पण खुर्चीलाही डावं-उजवं असतं हे मला काय ठाऊक? मला वाटलं, बसायची वस्तू आहे." मग, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "तुम्ही तिचं काम एकदाही बघायला गेला नाहीत ना."

दवाखाना सोडून जायचं कसं, या एका सबबीवर सगळी वर्षं निघून गेली होती.

होऊनजाईलला फोन केला. तो पहिल्यांदाच "होऊन जाईल" म्हणाला नाही. खास बनवलेली वस्तू आहे, सर, म्हणाला, आणि डावखुरा डॉक्टर मिळाला तर कळवतो असं सांगून फोन ठेवला. साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं खुर्चीत आणि फरशीत गेलेलं. जुनी खुर्ची भंगारवाला कधीच घेऊन गेला होता.

ज्यांना वेळा देऊन ठेवल्या होत्या ते रोगी येत राहिले, आणि मुलगी त्यांना परत पाठवायला तयार नव्हती. ती त्या खुर्चीवर तशीच काम करत राहिली आणि डॉक्टर पेला धरून बाजूला उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांनी तिचं काम पाहिलं. करंगळी शेजारच्या दातावर टेकवून ती हात स्थिर करायची, ही लकब त्यांचीच. त्यांनी ती तिला कधी शिकवली नव्हती. ड्रिल उचलण्याआधी रोग्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवायची, हे मात्र तिचं स्वतःचं. ते त्यांना कधी सुचलंच नव्हतं. तिच्या हाताखाली रोगी शांत पडून राहायचे. असा हात त्यांनी फार थोड्या लोकांचा पाहिला होता.

आणि त्या हाताच्या मागे तिची पाठ होती. कमरेतून पिळलेली, एक खांदा वर, मान तिरकी. डॉक्टरांची स्वतःची मान गेलेली होती, रात्री उशी कुठे ठेवावी कळायचं नाही. अशी पाठ घेऊन माणूस किती वर्षं दात बघू शकतो, याचा हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको होता. एका रोग्याचं काम आटोपून ती उभी राहिली आणि दोन्ही मुठी कमरेवर दाबून क्षणभर डोळे मिटले. तिला वाटलं, कुणी बघत नाही.

त्या दुपारी, हत्यारं धुताना, ती म्हणाली, "बाबा, हीच चालवून घेऊ का काही दिवस? मग बघू."

याच शब्दांची ते महिनाभर वाट बघत होते. आता ते शब्द आले तर डॉक्टरांना ऐकवले नाहीत.

"नको," ते म्हणाले. "तू जा."

"खुर्चीमुळे म्हणताय?"

"पाठीमुळे."

तिने नळ बंद केला. खुर्ची नीट असती तर मी राहिले असते का, हे मलाही सांगता येत नाही, असं ती म्हणाली. खरं तेच बोलली. डॉक्टरांनी मान हलवली आणि चिमटे एकेक पुसून खणात ठेवले. तिच्या मुठीच्या मापाचे चिमटे, त्यांच्या हातात लहान पडत होते.

ती गेली. स्टेशनवर आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ.

सोमवारी डॉक्टरांनी सवयीने दवाखाना उघडला. किराणा दुकानदाराची बायको गाल धरून आली. नव्या डॉक्टरबाईंचा हात फार हलका आहे असं मास्तरांकडून कळलं, म्हणाली. डॉक्टर म्हणाले, ती परत गेली. बाई म्हणाल्या, "मग तुम्हीच बघा. तुमच्यासारखा अनुभव कुणाला आहे?"

पुढच्या चौकातल्या डॉक्टरचा पत्ता त्यांच्या ओठांवर आला होता. पण बाई तोवर खुर्चीत आडव्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी हात धुतले, हातमोजे चढवले. अंगठा मोज्याच्या आतसुद्धा थरथरत होता. उजवीकडे भांडं आणि भिंत, डावीकडे उजव्या हाताला आडवा येणारा ट्रे. खुर्चीच्या पायथ्याशी ते दिवा लावून उभे राहिले, आणि बाईंनी डोळे मिटून, विश्वासाने, तोंड उघडलं.