प्रमुख पाहुण्यांचं कुलूप

मसुऱ्याच्या बाजूला एका वाडीत महिलांसाठी कायद्याचं शिबिर भरलं होतं. व्यासपीठावर पुरुषांची रांग आणि कडेच्या खुर्चीत वकील सारिका परब. प्रमुख पाहुणे दत्ताराम, म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. खुद्द सरपंचबाई मागे चहाचे पेले धूत होत्या.

"आमच्या गावातली स्त्री अबला नाही!" दत्ताराम माईकवर गरजला. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मथुरा उभी राहिली. ती त्याच्या थोरल्या भावाची, सत्यवानाची विधवा. नवऱ्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर माहेरी गेली, ती परत आली तर दाराला दत्तारामचं कुलूप. तेव्हापासून शेजारणीच्या पडवीत निजत होती.

"भावजी, कुलूप कधी काढतलास?"

दत्ताराम गोड हसला. असं हसू त्याला निवडणुकीत फार उपयोगी पडायचं. "वयनी, हो घरचो विषय आसा. घराक गेल्यार बोलूया."

"खंयच्या घराक?"

बायका खळखळून हसल्या. आयोजक गुरुदास माईककडे धावला. "ताई, इथे वैयक्तिक प्रश्न नकोत!"

"मग कुणाचे प्रश्न हवेत?" म्हणत सारिका उठली आणि मथुरेला घेऊन बाहेर आली. वकील फुकट मिळेल, राहत्या घरातून तुम्हाला कुणी असं काढू शकत नाही, हे तिने सरळ शब्दांत सांगितलं. आत तोवर फोटो निघाले.

अर्ज कोर्टात गेला, तशी गावातली वजनदार मंडळी पडवीत आली. "घराण्याची अब्रू जायत गो!"

"माका भायर काढल्यानी, तेव्हा खंय होती ती अब्रू?" मथुरेने विचारलं. मंडळींना एकदम कामं आठवली.

कोर्टात दत्ताराम हात जोडून उभा राहिला. म्हणाला, चोरांच्या भीतीने कुलूप घातलं होतं.

"आता घरमालकीण आली आहे," न्यायाधीश म्हणाल्या. "चावी द्या." त्यांनी तसा आदेशच काढला.

मथुरेने दार उघडलं, उंदरांनी कुरतडलेली अंथरुणं दारापुढच्या खळ्यात टाकली आणि चूल पेटवली.

दत्ताराम हल्ली गावोगाव सांगत फिरतो, वयनीला न्याय मीच मिळवून दिला. शेजारणीने हे कानावर घातलं, तेव्हा मथुरा बांगडे साफ करत होती.

"सांगांदे," ती म्हणाली. "माज्या खळ्यात पाय ठेवल्यान तर परत कोर्टात नेतलंय. मगे थयसर कोर्टातच भाषण कर म्हणान सांग तेका."