काकांचा चांगला कागद

मी एक जुना ईसीजीचा डबा आहे आणि मित्रांनो, मी जन्माचा भित्रा आहे. छातीवर आणि हातापायांना तारा लावल्या, की माणसाच्या काळजाचे ठोके मी कागदावर रेघेने लिहून काढतो. लिहिताना दरवेळी एकच धास्ती. आपण चुकलो तर?

कारखान्यातून निघालो तो थेट माणगावच्या एका डॉक्टरांकडे. वीस वर्षं तिथे राबलो. "डबा खोटं बोलायचा न्हाय," असं कंपाउंडर रामचंद्रकाका पेशंटना सांगायचे. ऐकून बरं वाटायचं आणि भीतीही वाढायची. मग दवाखाना बंद झाला. काकांनी मला हरिहरेश्वराजवळच्या आपल्या गावी आणलं आणि कपाटावर ठेवलं. चार वर्षं माझ्यावर नुसती धूळ बसली.

यंदा काकांची पुतणी सुचिता बारावी झाली. रुग्णवाहिकेवरच्या कामाचं शिक्षण घ्यायला ती पुढच्या महिन्यात जाणार. त्याआधी रेघा वाचायला शिकवा, म्हणून ती काकांच्या मागेच लागली. काकांनी मला खाली काढून पुसलं. पहिला धडा तारांचा. "ज्या हातानं कुंकू लावतेस, त्या हाताला लाल." सुचिता आरशात बघून स्वतःच्याच हातांना तारा लावायची. दोन दिवसांत तिला पाठ झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतः खाटेवर आडवे झाले. "आज माझा काढ. सकाळपासून पित्त झालंय, पडूनच हाय मी." सुचिताने तारा लावल्या, बटण दाबलं आणि मी हादरलो. पहिली ओळ सगळी उलटी उतरली होती.

सुचिता पांढरीफटक पडली. "काका, उलटं आलंय. काय होतंय तुम्हाला?"

काका कागद बघून हसले. "समोरच्याचा उजवा हात तुझ्या डाव्या अंगाला येतो गो. तारा बदल."

तिने लाल आणि पिवळ्या तारेची अदलाबदल केली. आता कागद स्वच्छ आला. "बघ, झकास हाय. काढ तारा," काका म्हणाले. दारातून बघणाऱ्या मनुबाईकाकी चहा टाकायला आत गेल्या.

सगळे निवांत झाले आणि माझा मात्र थरकाप उडाला. मित्रांनो, मला तेवढ्या घडीचंच दिसतं. काळजाचं दुखणं कधी कधी पहिल्या कागदावर उतरतच नाही. माणगावात एक जण असाच माझा चांगला कागद खिशात घालून घरी गेला आणि संध्याकाळी वारला. मी तेव्हाही खरंच लिहिलं होतं. हे मी कुणाला आणि कसं सांगू?

तारेकडे नेलेला हात सुचिताने मध्येच थांबवला. पंखा गरगरत होता, तरी काकांच्या ओठावर घाम साचला होता.

"काका, खरं सांगा. कुठे दुखतंय?"

"पित्त हाय म्हटलं ना. काढ तारा."

"न्हाय काढत." तिने हात मागे घेतला. "हातात कळ येते का?"

काकांनी डावा खांदा चोळला. मग हळूच म्हणाले, "व्हय. जबड्यापर्यंत."

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. श्रीवर्धनहून गाडी यायला अर्धा तास होता. दहा मिनिटांनी तिने पुन्हा माझं बटण दाबलं. ठोका पडून गेल्यावर रेघ खाली यायची, ती आता उंचच राहिली. हा काळजाचा झटकाच. काकांनी कागद मागून घेतला आणि वाचला. मग डोळे मिटून पडून राहिले. सुचिताने त्यांचा हात धरून ठेवला.

गाडी त्यांना घेऊन गेली. मी तारा पसरून खाटेवर तसाच. तीन दिवस घरात कुणी नव्हतं आणि माझ्या जिवात जीव नव्हता. चौथ्या दिवशी काकी आल्या. तारा गुंडाळता गुंडाळता मलाच म्हणाल्या, "वाचले रे बाबा." आणि खाटेवर बसून खूप रडल्या.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, माझ्या तारा पिळू नका. पण माझा कागद कितीही चांगला आला, तरी माणसाच्या तोंडाकडे बघा. 'कसं वाटतंय?' एवढं मला विचारता येत नाही. ते तुम्ही विचारा.