वादीचं कोपर

मी एक लाकडी हात बोलतोय. खांद्यापासून मनगटापर्यंतच. बोटं करायची राहिली, ती राहिलीच.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुताराने, आपल्या मुलासाठी. मुलगा बेसबॉलच्या संघाचा व्यायाममास्तर होता. हाडं कशी हलतात ते खेळाडूंना नुसतं तोंडी सांगून कळत नाही, म्हणाला. सुताराने दंडाचं हाड केलं, वरचं टोक गोल घासलं, खाली कोपरापुढची दोन हाडं जोडली. कोपराला आतून धरून ठेवणारा बंध मात्र लाकडाचा कसा होणार? मग त्याने बेसबॉलच्या एका फाटक्या हातमोज्याची चामड्याची वादी काढली आणि तिथे ताणून बसवली.

दर सोमवारी मास्तर एकेकाला बाकावर उताणं झोपवून खांदे मोजायचे. हात मागे किती वळतो, पुढे किती. मग मला उचलून सांगायचे, "लहानपणापासून चेंडू फेकला की हे हाड थोडं पिळलेलंच वाढतं. हात मागे जास्त जातो, पुढे कमी. त्याला भ्यायचं नाही. पण प्रत्येक हाताचं मागचं आणि पुढचं मिळून बेरीज करायची, आणि ती दोन्ही हातांची सारखी यायला हवी. खांदा अडला, की भार या वादीवर येतो."

खेळाडू मला मास्तरांचा धाकटा भाऊ म्हणायचे. मलमाचा वास, हसणं, बाकाची करकर. फार बरे दिवस होते ते.

मास्तरांची लेकही त्याच संघात चेंडू फेकायची. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचा हात इतका मागे जाई, की समोरचा संघही बघत राही. मोजायला तिचा नंबर आला, की मास्तर पुढच्याला बोलवायचे. म्हणायचे, हिचं हाड मला पाठ आहे.

तिथेच चुकलं. तिचा हात पुढे कमी वळतो तो हाडामुळेच, असं त्यांनी धरून टाकलं. बेरीज केलीच नाही. महिनाभर तिचं कोपर आतून ठणकत होतं. अंतिम सामन्याच्या सकाळी त्यांनी विचारलं, "दुखतंय का गं?"

"नाही हो बाबा," ती म्हणाली. माझ्याकडे बघत.

पाचव्या डावात तिचा बंध तुटला. मी सामानाच्या पिशवीत होतो. मैदान एकदम गप्प झालं, एवढंच मला कळलं.

डॉक्टरांनी तिच्याच मनगटाकडची स्नायूची एक दोरी काढून कोपरात बसवली. वर्षभराने हात चालू लागला, पण तो वेग काही परत आला नाही. त्यानंतर मास्तरांनी तिचा एकही सोमवार चुकवला नाही. तिने कधी टोमणा मारला नाही. त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

आता मास्तरांच्या खुर्चीत भिंगरी बसते. मी खिडकीत असतो. पॉलिश गेलंय, वादी वाळलीय.

परवा मास्तर आले. त्यांचा हात हल्ली कानापर्यंत जात नाही. भिंगरीने त्यांना त्याच बाकावर झोपवलं आणि हात हळूहळू वर नेला.

"दुखतंय का बाबा?"

"नाही गं," ते म्हणाले. माझ्याकडे बघत.

तिचा हात तिथेच थांबला. मग मास्तरांनी मान तिच्याकडे वळवली.

"दुखतंय," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

तिने त्यांचा हात अलगद खाली ठेवला आणि आधी दुसरा हात मोजायला घेतला. बेरजेसाठी.

माझी वादी आज ना उद्या तुटेल. तुटू दे, हातमोजे पुष्कळ फाटतात. तुम्हाला मात्र कुणी मायेने विचारलं, तर माझ्यासारख्या लाकडाकडे बघू नका. विचारणाऱ्याकडे बघून सांगा.