मुकी फेरी

मी एक जुनी घंटा आहे. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या एका गावात, चर्चच्या मनोऱ्यात आम्ही सहाजणी टांगलेल्या आहोत. त्यांतली मी दुसरी. माझा आवाज जन्मापासून जरा घोगरा. पण माझा दोर ओढणारा एमॉस थर्केटल सगळ्यांना दम द्यायचा, "माझ्या दुसरीला नावं ठेवाल तर याद राखा!"

मित्रांनो, आमच्याकडे घंटांवर गाणी वाजवत नाहीत. प्रत्येकीच्या दोराशी एक माणूस उभा राहतो. आम्ही एकीमागून एक बोलतो आणि दर फेरीला जागा बदलतो. कोणी कधी पुढे जायचं, कधी मागे यायचं, हे सारं तोंडपाठ लागतं. एमॉसला 'केंब्रिज' नावाची महाकठीण रचना यायची. तो वारला आणि माझा दोर खुंटीला अडकला. पाचजणी वाजायच्या, मी ऐकत राहायची. फार एकटं वाटायचं.

मग एक दिवस त्याची बायको हेस्टर आली. "मला केंब्रिज शिकव," ती म्हणाली.

दोर ओढणाऱ्यांचा म्होरक्या जेबेझ लार्टर हसला. "अगं, या वयात बायका विणकाम शिकतात!"

"विणकाम येतं मला. त्याची जागा रिकामी ऐकवत नाही रे. शिकवतोस का, सांग."

नवशिक्याच्या चुका गावाच्या कानी पडू नयेत, म्हणून घंटेचा लोलक चिंध्यांनी बांधतात. तसा माझाही बांधला. मी पुन्हा झुलू लागले, पण मुक्यानेच. हेस्टर मनात आकडे मोजायची आणि हमखास चुकायची.

"मोजतेस काय? मेंढरं आहेत का ती? दोरांकडे बघ!" जेबेझ ओरडायचा.

सुगीच्या प्रार्थनेला ती वाजवणार असं ठरलं. वाजवण्याआधी आम्हाला उलटं, तोंड वर करून उभं करतात. आदल्या दिवशी सराव झाल्यावर मला तशी उभीच ठेवली. सकाळी बाकीच्या उभ्या केल्या, दोर ओढले, आणि माझ्या पाळीला आवाजच नाही! लोलक सोडायचा राहून गेला होता. उभी घंटा जराशा धक्क्याने गरकन खाली येते, तेव्हा वर चढणं म्हणजे मरणाला बोलावणं. खाली उतरवायला वेळ नव्हता.

"तू राहू दे, हेस्टर. पाचच वाजवतो," जेबेझ पडेल आवाजात म्हणाला.

"राहू दे काय? मी वाजवणार."

आणि तिने सबंध केंब्रिज वाजवली. मी जीव तोडून झुलले. गावाला मात्र पाचच घंटा ऐकू आल्या.

"एकही जागा चुकली नाहीस गं," जेबेझ डोळे पुसत म्हणाला. "एमॉसच होता जणू."

घंटा उतरवल्या. सगळे जेवायला गेले. हेस्टर एकटीच शिडी चढून वर आली. तिने चिंध्या सोडल्या आणि हाताने लोलक हलवला. "बोल गं आता."

मी बोलले. खाली ऐकायला कुणी नव्हतं. माझा नाद पुरता विरेपर्यंत ती माझ्या काठाला कपाळ टेकून उभी होती.

मित्रांनो, घंटेला वंगण घाला, दोर बदला, ते हवंच. पण ओळीत कुणाची जागा मुकी वाटली, तर तो चुकला असं समजू नका. आधी वर येऊन बघा.