म्हशीच्या नावची खोली

या पृथ्वीवर जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर छप्पर असलंच पाहिजे, असं हंबीररावांनी दिवाळीच्या तोंडावर उत्तरेश्वर पेठेतल्या तालमीसमोर उभं राहून जाहीर केलं. जाहीर करताना त्यांच्या एका हातात स्टोव्ह होता आणि दुसऱ्या हातात गादीची वळकटी. दोन्ही वस्तू त्यांच्या भाडेकरूच्या होत्या आणि ते त्या रस्त्यावर आणून ठेवत होते.

“असलंच पायजे,” ते म्हणाले, “पर ते माझंच कशाला?”

भाडेकरू म्हणजे धनबहादूर आणि त्याची बायको मनमाया. नेपाळातल्या कुठल्याशा डोंगरावरनं आलेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते हंबीररावांच्या आजोबांचं. त्यांची बावड्याकडची जमीन कसणाऱ्या कुळाच्या नावावर झाली, आणि तेव्हापासून या घराण्यात एकच धर्म उरला. अकरा महिने झाले की खोली रिकामी. वकिलांनी समजावलं की अहो, तो कायदा शेतजमिनीचा. हंबीरराव म्हणाले, “आज्याला बी वकिलानंच सांगितलं हुतं.”

दरसाल ही जोडी महिनाभर कुठंतरी काढून परत यायची. औंदा मात्र हंबीररावांनी सांगून टाकलं, “आता परत येऊ नगा. तुमी येऊन लई वर्सं झाली, उद्या कूळ लागंल.”

धनबहादूर नागाळा पार्कात नव्या बांधलेल्या एका इमारतीवर वॉचमन होता. तिथले सगळे फ्लॅट रिकामे. त्या रिकाम्या फ्लॅटात कुणी राहायला शिरू नये, हे बघायचा त्याला पगार मिळे. तेव्हा तो बायकोला घेऊन गेला आणि जिन्याखाली पाण्याच्या पंपाशेजारी राहिला. आपण आत शिरत नाही ना, यावर त्यानं स्वतःच नजर ठेवली.

इकडं त्याच संध्याकाळी चंद्रीनं दूध दिलं नाही.

चंद्री ही हंबीररावांची म्हैस. तिचं रेडकू गेलेलं. त्यात पावसाळ्यात हंबीररावांच्या आई आक्काताई घसरून पडल्या, हात मोडला, आणि धार काढायचं काम मनमायाकडं गेलं. ती धार काढताना डोंगराकडचं कसलंसं गाणं गुणगुणायची आणि चंद्री डोळे मिटून पान्हवायची. आता आक्काताईंचा हात बरा होता. त्या चरवी घेऊन बसल्या. चंद्रीनं मान वळवून कोण आहे ते बघितलं आणि दूध चढवून धरलं.

दारात नेहमीची गिऱ्हाइकं धारोष्ण दुधासाठी पेले घेऊन उभी होती. त्यांत कोर्टातनं रिटायर झालेले गणपतराव.

“हंबीरराव, म्हैस इचारत्या,” ते म्हणाले, “भाडेकरू कुटं गेलं?”

दुसऱ्या दिवशी आक्काताई मनमायाची विसरून राहिलेली शाल पांघरून बसल्या. चंद्रीनं शाल हुंगली आणि शेपटीचा सपकारा आक्काताईंच्या तोंडावर ओढला. मग खुद्द हंबीररावांनी ते गाणं म्हणून बघितलं. तालमीत जोर मारणारे थांबून ऐकू लागले.

“ऱ्हाऊ द्या,” गणपतराव म्हणाले. “आत हाय ते बी नासंल.”

आक्काताईंनी कासेला हात लावून बघितला. “दगडागत झालीया. आज्यानं जमीन घालवली, आता तू म्हस घालव.”

हंबीररावांनी लुना काढली आणि नागाळा पार्क गाठला. मनमाया जिन्याखाली तांदूळ निवडत होती.

“सकाळ-सांज येऊन धार काढून जा,” हंबीरराव म्हणाले. “ऱ्हायचं तेवढं हितंच ऱ्हावा.”

“येत्ये की, आण्णा.” मनमायाचं मराठी आक्काताईंच्या हाताखाली तयार झालेलं. “पर चार दिसांनी ती मला बी दूध देनार न्हाय. म्हशीला लई कळतंय. कोन घरचं हाय आन कोन नुसतं कामाला येतंय.”

हंबीररावांनी धनबहादूरकडं बघितलं. “खरं हाय का रं?”

“म्हशीचं मला म्हाईत न्हाय,” धनबहादूर म्हणाला. “हिचं तसंच हाय.”

हंबीरराव पायरीवर बसले. कायमचं ठेवावं तर कूळ लागणार, न ठेवावं तर म्हैस जाणार. पंप चालू होऊन बंद झाला तरी ते तसेच बसून होते. मग एकाएकी उठले आणि म्हणाले, “सामान बांधा.”

सकाळी तालमीसमोर त्यांनी दुसरी घोषणा केली.

“खोली मी चंद्रीला दिली. आजपास्नं ती तिची. तिनं कुनाला ठेवून घ्यायचं, कवापतूर ठेवायचं, तिचं ती बघंल. अकरा म्हैन्याचा नियम माझा हुता. म्हशीला म्हैनं मोजाय येत न्हाईत.”

“आन उद्या कूळ लागलं तर?” गणपतरावांनी विचारलं.

“लागू दे की. म्हशीला लागंल. आपल्याला काय त्याचं?”

गणपतरावांची उभी हयात कोर्टात गेलेली. त्यांनी हनुवटी खाजवत बराच वेळ विचार केला आणि यात खोट सापडत नाही असा निवाडा दिला.

संध्याकाळी चंद्री पान्हवली. पेल्यांवर बोटभर फेस आला, तालीम खूश झाली, आक्काताईंनी मीठमिरची ओवाळून टाकली. हंबीरराव दुधाचा पेला घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले. मनमाया भांडी लावत होती, धनबहादूर गादी पसरत होता. ते बघून हंबीररावांचं मन भरून आलं आणि त्यांना बोलावंसं वाटलं.

“मानूस असू दे न्हाय तर जनावर,” ते म्हणाले, “हक्काची जागा मिळाली की कसं निवांत वाटतंय बघ. आता तुमाला हितनं कोन हलवनार न्हाय. इंद्र आला तरी न्हाय.”

मनमायानं ऐकून घेतलं. मग तिनं रिकाम्या भिंतीकडं बघितलं, हंबीररावांकडं बघितलं, आणि पदर सावरत हळूच विचारलं,

“आण्णा, भिताडात एक खिळा ठोकला तर चालंल का?”