जीपची आंघोळ

पासष्टी ओलांडली की घरचे लोक माणसाला थंडीत लोणच्याच्या बरणीसारखं जपू लागतात, आणि मला त्या जपण्याचा मनापासून राग येतो. मी शेषराव, मुक्काम मेडशी. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनांशी भांडलो. मागच्या महिन्यात छातीत कफ धरला, चार दिवस वाशीमला दवाखान्यात काढले. घरी आलो तर पोरगा हरीओम दारातच म्हणाला, "बाबा, आता थे विमानं उडवनं बंद. जीप मी भंगारात देऊन राह्यलो."

जीप गेली की सगळंच गेलं. मी आणि धम्मरत्न, शाळेतून निवृत्त झालेला चित्रकलेचा मास्तर, थर्माकोलची विमानं करतो. त्यांचे पंख मोटरसायकलवर वाऱ्यानं मोडतात. गावात उडवलं की विमान कुणाच्या तरी तुरीत पडतं. माळ सात किलोमीटरवर, आणि तिथं न्यायला ही जीपच.

मी अडून बसलो. शेवटी ठरलं, की रविवारी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायच्या आधी सुरू झाली तर जीप राहील. थंडीत इंजिन तापवणारे हीटरचे प्लग जळालेले हरीओमला माहीत होते, म्हणून तो लगेच कबूल झाला.

शनिवारी मी प्लग बदलले. संध्याकाळी लाईट गेली आणि धम्मरत्न विमान घेऊन आला. उद्या जीप सुरू झाली की थेट माळावर, असं म्हणत आम्ही जीपच्या दिव्याच्या उजेडात पंख चिकटवला. मग चहा प्यायला ओसरीवर आलो आणि दिवा तसाच राहिला. या एका चुकीसाठी मी चौतीस वर्षं ड्रायव्हरांना शिव्या घातल्या होत्या.

सकाळी हाडं गोठवणारी थंडी. चावी फिरवली, नुसता 'टक्' आवाज. रात्रभर दिवा जळून बॅटरी मेलेली.

तेवढ्यात लखीराम भंगारवाला आला. गल्लीत टेम्पो शिरेना म्हणून त्यानं तो खाली सडकेवर लावला होता. जीप उतारावरून ढकलत न्यावी लागणार, हे ऐकलं आणि माझं डोकं चालू झालं. रेडिएटरमधलं गार पाणी सोडून दिलं आणि माझ्या आंघोळीची कढत बादली उचलून आणली.

"भाऊ, भंगाराले गरम पानी कायले?" लखीरामनं विचारलं.

"जाताना आंघोळ घालावी लागते ना. पंचवीस वर्षं घरात होती."

लखीरामनं डोक्यावरची टोपी काढली. हरीओमनं मान खाली घातली. आंघोळ घालणाऱ्याला आमच्याकडे कुणी अडवत नाही. मी सावकाश सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. इंजिनाला हात लावून पाहिला, ऊब आली होती.

"स्टेअरिंगवर मी बसतो, तुमी भिंतीले घासान," मी म्हणालो. माळावर जायला सकाळीच आलेल्या धम्मरत्नाच्या सगळं ध्यानात आलं. तो ओसरीवरचं विमान घेऊन मागे बसला. "मी बी पोचवून येतो," म्हणाला. त्याचा चेहरा अगदी सुतकी.

हरीओम आणि लखीराम ढकलू लागले. दुसरा गिअर टाकून मी क्लच दाबून धरला. उतार लागला, वेग आला, क्लच सोडला. जीपनं एक हिसका दिला, खोकली, पांढरा धूर ओकली, आणि इंजिन धडधडायला लागलं. सडकेवर टेम्पोजवळ ब्रेक दाबला.

लखीराम धापा टाकत पोचला आणि हसू लागला. "भाऊ, मुडदा उठला. जित्ता माल मी घेत नाई."

हरीओम मात्र बॉनेटवर दोन्ही हात टेकून जीपपुढे उभा राहिला.

"उतरा, बाबा."

"काहून? सुरू झाली ना?"

"तुमी दवाखान्यात होते तवा चार रात्री बाहेरच्या बाकावर बसलो मी. परत बसाची हिंमत नाई माह्यात."

हे त्यानं आजवर सांगितलं नव्हतं. पण पाय मी अॅक्सिलरेटरवरून काढला नाही.

"मंग बाकावर नोको बसू," मी म्हणालो. "अठी बस."

तो तोंड फुगवून मागे चढला. धम्मरत्नानं विमान त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि मी गाडी माळाच्या वाटेला लावली.